द्विजांचा पहिला जन्म

संस्कृतांत दांताला ‘द्विज’ असें एक नांव आहे. अमरकोशांत ह्या एका शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत : दांत, विप्र आणि पक्षी. तिघेहि दोनदां जन्मतात, म्हणून तिघेहि द्विज. पक्षी प्रथम अंड्याच्या रूपानें येतो आणि मग अंडें फोडून बाहेर पडतो. बटु मौंजीबंधनानें दुसरा जन्म घेतो. आणि दांत आधीं दुधाचे म्हणून येतात, ते पडल्यावर कायमचे म्हणून पुन्हा उगवतात. पक्षिणीला अंडें जप म्हणून सांगावें लागत नाहीं. मुंजीच्या आधींचीं सात-आठ वर्षें वायां गेलीं तरी चालतील, खरा जन्म पुढेंच आहे, असेंहि कोणी आईबाप म्हणत नाहींत. दांतांच्या बाबतींत मात्र चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांतून एक वाक्य सर्रास ऐकूं येतें : “दुधाचेच दांत ते. पडायचेच आहेत. किडले म्हणून काय झालें?”

सांगलीकडील एका वाचक-भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या घरांतील अडीच वर्षांच्या पुतण्याच्या वरच्या चारहि पुढच्या दांतांवर हिरडीलगत तपकिरी डाग पडले असून एका दांताची कड उडाली आहे. खालचे दांत मात्र स्वच्छ आहेत. रात्रीं तो साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडांत धरूनच झोंपतो. जाऊबाईंना त्याला दंतवैद्याकडे न्यावेंसें वाटतें; सासूबाई म्हणतात, सहाव्या वर्षीं नवे दांत येतीलच, एवढ्याशा पोराला खुर्चीवर बसवून भिववायचें कशाला? “दोघींपैकीं कोणाचें बरोबर?” असा त्यांचा प्रश्न आहे.

सासूबाईंच्या मायेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं; परंतु प्रश्नाचें उत्तर एकच आहे. मुलाला दंतवैद्याकडे न्यावें, आणि ह्याच आठवड्यांत न्यावें. असें कां, तें सविस्तर सांगणें अवश्य आहे. कारण हें दुखणें एका घरचें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील ५० कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दांत किडलेले आहेत.

‘पडायचेच आहेत’ हें विधान कितपत खरें, तें प्रथम पाहूं. दुधाचे दांत एकंदर २०. बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दोन दिसूं लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत विसांची पंगत पूर्ण होते. त्यांतील पुढचे दांत सहाव्या-सातव्या वर्षीं पडूं लागतात हें खरें. पण मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडांत असतात. म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या मुलाची जी दाढ किडली, तिच्यावर त्याला पुढें आठ-नऊ वर्षें पोळी-भाकरी चावावयाची असते. दाढ ठणकूं लागली म्हणजे लहान मूल ‘दांत दुखतो’ असें सांगत नाहीं. तें घांस बाहेर काढतें, एकाच बाजूनें चघळतें, रात्रीं रडत उठतें. घरचीं माणसें त्याला हट्टी म्हणतात, जेवायला छळतो म्हणून रागें भरतात, आणि तें बिचारें वेदना आणि बोलणीं दोन्ही सोसतें.

शिवाय पहिल्या जन्माचा दुसऱ्या जन्माशीं फार जवळचा संबंध आहे. दुधाच्या दांताच्या मुळाशींच कायमच्या दांताचा कोंब वाढत असतो. कीड आंतल्या मज्जेपर्यंत पोंचून मुळाशीं पू झाला, तर त्या कोंबालाहि इजा होऊं शकते, आणि नवा दांत डाग पडलेला किंवा खडबडीत येतो. किडका दांत अकालीं काढावा लागला तर शेजारचे दांत त्या रिकाम्या जागेंत सरकतात आणि मागून येणाऱ्याला वाट उरत नाहीं. तो वांकडा उगवतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागें जी दाढ उगवते, ती कोणताहि दांत न पडतां येते. म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात. वस्तुतः ती कायमची असते. ती गेली तर तिच्या जागीं दुसरी यावयाची नाहीं. दुधाच्या दांतांची हेळसांड करण्याची संवय लागलेल्या घरांत पहिला बळी बहुधा हिचाच पडतो.

आतां कीड म्हणजे काय तें पाहूं. सुश्रुतानें दंतरोगांत ‘कृमिदंतक’ म्हणून एक रोग सांगितला आहे, आणि दांतांत खरोखरीची अळी असते ही समजूत आपल्या देशांतच काय, सर्व जगांत शतकानुशतकें होती. बर्लिन येथें काम करणारा अमेरिकन दंतवैद्य मिलर ह्यानें १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत खरा प्रकार मांडला. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर-पिठासारखे पदार्थ आंबवितात, त्यांतून आम्ल निघतें, आणि तें आम्ल दांताच्या कठीण कवचांतील चुना विरघळवितें. ह्या जंतूंपैकीं एका प्रमुख जातीचें वर्णन लंडनच्या क्लार्कनें १९२४ सालीं केलें. पुढें १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत स्टीफन नांवाच्या अमेरिकन संशोधकानें असें दाखविलें कीं, साखर तोंडांत जातांच अवघ्या कांहीं मिनिटांत दांतांवरच्या चिकट थरांत आम्ल वाढतें, आणि तें उतरून पूर्वस्थिति येण्यास अर्धा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. त्या अवधींत दांत झिजतो. पुढें लाळ त्या आम्लाचा निरास करते आणि गेलेला चुना थोडाथोडा परत भरून काढते. झीज आणि भर ह्यांचा हा व्यवहार दिवसभर चालू असतो. पुन्हा पुन्हा गोड खाऊन लाळेला उसंतच दिली नाहीं, तर झीज वरचढ ठरते आणि खळगा पडतो. दुधाच्या दांतांचें कवच कायमच्या दांतांच्या जवळजवळ निम्म्यानेंच जाड असल्यामुळें तेथें हा निकाल फार लवकर लागतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते : मूल गोड किती खातें ह्याबरोबरच, किंबहुना त्याहूनहि अधिक, तें किती वेळां खातें ह्याला महत्त्व आहे. स्वीडनमध्यें लुंडजवळील व्हिपेहोल्म येथील मनोदुर्बलांच्या संस्थेंत १९४५ ते १९५३ पर्यंत ह्याचा प्रयोग झाला. जेवणाबरोबर साखर दिलेल्यांच्या दांतांत कीड थोडीच वाढली; परंतु दोन जेवणांच्या मधल्या वेळांत चिकट टॉफी दिलेल्यांचे दांत झपाट्यानें किडले. त्या निराधार माणसांची संमति कोणी घेतली नव्हती, आणि ज्ञान मिळालें तरी त्या प्रयोगावरील तो डाग पुसला जावयाचा नाहीं. ह्याच्या उलट बाजूचें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील बाउरल गांवच्या होपवुड हाउस ह्या बालकाश्रमाचें. १९४२ पासून तेथें वाढलेल्या सुमारें ८० मुलांना दूध, भाज्या, फळें, कोंड्यासकट धान्य असा शाकाहार मिळे आणि साखर जवळजवळ नसे. त्यांच्या दांतांची स्वच्छता मुळींच वाखाणण्यासारखी नव्हती, तरी कीड त्या प्रांतांतील इतर मुलांच्या मानानें फारच थोडी होती. बारा-तेरा वर्षांचीं होऊन तीं बाहेर पडलीं आणि इतरांसारखें खाऊं लागलीं, तेव्हां त्यांचेहि दांत इतरांसारखेच किडूं लागले. दांत जन्मतःच बळकट असतात किंवा नसतात, हा आपला लाडका समज ह्या एका उदाहरणानें बराचसा खोडला जातो.

आतां आपल्या एकत्र कुटुंबांत काय होतें तें पाहूं. सकाळीं उठल्यावर दूध-साखर. पूजा आटोपली कीं आजोबांच्या हातची खडीसाखर. दहाच्या सुमारास रडूं नये म्हणून काकूंनीं दिलेलें बिस्किट. दुपारीं झोंपेंतून उठल्यावर आत्याबाईंच्या डब्यांतला लाडू. संध्याकाळीं कामावरून आलेल्या काकांच्या खिशांतली गोळी. आणि रात्रीं निजतांना बाटली. ह्यांपैकीं प्रत्येकास विचारावें तर प्रत्येकजण म्हणेल, “मीं दिलें तें एवढेंसें, एवढ्याशानें काय होतें?” आणि त्या प्रत्येकाचें म्हणणें खरें असतें! खर्च अनेकांच्या खात्यांवर विभागला गेल्यामुळें कोणाच्याच नांवावर मोठी रक्कम दिसत नाहीं. बेरीज होते ती मुलाच्या तोंडांत. पांच वेळां अर्धा-अर्धा तास म्हणजे अडीच तासांची झीज, आणि रात्रींची बाटली ह्या हिशेबाबाहेरच राहिली, कारण तिचा अवधि अर्ध्या तासाचा नसून सबंध रात्रीचा असतो.

गंमत अशी कीं, ह्याचा उपाय आपल्या जुन्या पंगतींतच होता. आपल्याकडे पक्वान्न पानांत वाढलें जाई. वरणभात, भाजी, पोळी ह्यांच्या जोडीनें तें खाल्लें जाई, शेवटीं ताकभात येई, आणि उठल्याबरोबर खळखळून चूळ भरली जाई. व्हिपेहोल्मच्या प्रयोगानें जें सिद्ध केलें, तें आपल्या पानाच्या मांडणींत अनायासें साधलेलें होतें. आज पानांतलें गोड उठून खिशांत आणि डब्यांत जाऊन बसलें आहे, आणि चूळ भरण्याची चाल मागें पडली आहे. म्हणून मुलाला गोड मुळींच देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. संक्रांतीचा तिळगूळ, गणपतीचा मोदक, दिवाळीचा फराळ हीं सुखें त्याच्यापासून हिरावून घेऊं नयेत. गोड जेवणाच्या वेळीं, पानाबरोबर द्यावें. मधल्या वेळीं भूक लागली तर फळ, काकडी-गाजर, दाणे खाण्याइतकें मूल मोठें असेल तर दाणे, ताक किंवा नुसतें पाणी द्यावें. देवाचा प्रसाद जेवणाच्या पानांत वाढला तर देवाला त्यांत कांहीं उणें वाटावयाचें नाहीं.

येथें दोन गैरसमज दूर करणें जरूर आहे. गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी, असें पुष्कळांस वाटतें. जंतूंना हा विवेक नाहीं. त्यांना तिन्ही सारखींच. जातकर्मांत नवजात बालकास मधतूप चाटविण्याची चाल आहे, आणि पुष्कळ घरीं बाळगुटीहि मधांत उगाळतात. परंतु एक वर्षाच्या आंतील बालकास मध मुळींच देऊं नये असें आजचें वैद्यक निक्षून सांगतें. कारण मधांत क्वचित् असणारीं बोटुलिझम रोगाच्या जंतूंचीं बीजें त्याच्या कोवळ्या आंतड्यांत रुजूं शकतात. दुसरा गैरसमज औषधांविषयीं. मुलांच्या खोकल्या-तापाचीं पातळ औषधें बहुधा गोड असतात. तीं रात्रीं दिल्यावर पाणी पाजावें आणि दांत पुसावे.

आतां रात्रींच्या बाटलीकडे वळूं. झोंपेंत लाळ फार थोडी सुटते आणि गिळण्याची क्रियाहि मंदावते. अशा वेळीं तोंडांत राहिलेलें गोड दूध वरच्या पुढच्या दांतांभोंवतीं सांचून राहतें. खालच्या पुढच्या दांतांवर जिभेचें पांघरूण असतें आणि जवळच लाळेचा झरा असतो, म्हणून ते वांचतात. सांगलीच्या त्या मुलाचे वरचे चार दांत कां गेले आणि खालचे कां राहिले, ह्याचें कारण हेंच. बाटली तोंडांत देऊन मुलाला कधींहि निजवूं नये. रात्रीं तहान लागलीच तर पाणी द्यावें. संवय मोडतांना दुधांत रोज थोडें अधिक पाणी घालीत गेल्यास आठ-पंधरा दिवसांत मूल फारसा आकांत न करतां केवळ पाण्यावर येतें. वर्षाच्या सुमारास बाटली सोडवून वाटी-चमचा किंवा पेला हातीं द्यावा. आईच्या दुधाला येथें कोणी दोष देऊं नये. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेंहि तें पाजावें असेंच जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. मात्र दांत आल्यानंतर, विशेषतः वर्ष उलटल्यावर, रात्रभर वाटेल तेव्हां पाजणें आणि दांत न पुसणें ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर कीड वाढते. म्हणून पाजल्यावर ओल्या स्वच्छ फडक्यानें दांत पुसावे.

आपल्या घरांतून उष्ट्याचा विधिनिषेध फार. पण लहान मुलाच्या बाबतींत तो सर्रास विसरला जातो. दूध कढत आहे कीं काय तें त्याच्याच चमच्यानें पाहणें, खाली पडलेली चोखणी आपल्या तोंडांत घालून ‘स्वच्छ’ करणें, घांस चावून भरविणें, ह्या मार्गांनीं मोठ्यांच्या लाळेंतील जंतु मुलाच्या तोंडांत जातात. मुलाचा मुका घेऊं नये असें सांगण्याइतके आम्ही रुक्ष नाहीं. पण चमचा निराळा ठेवावा, आणि मुलाला सांभाळणाऱ्या आईनें, आजीनें आपल्या स्वतःच्या किडक्या दाढांवर उपचार करून घ्यावेत. मोठ्यांच्या तोंडाची स्वच्छता हें मुलाच्या दांतांचें पहिलें रक्षण होय.

दांत घांसण्याविषयीं वाग्भटानें अष्टांगहृदयांत नियम घालून दिला आहे. सकाळीं आणि जेवणानंतर, मऊ अग्राच्या काडीनें, हिरड्यांना इजा न करतां दांत स्वच्छ करावे, असें तो सांगतो. काडीच्या जागीं आज लहान डोक्याचा मऊ ब्रश आला आहे, आणि जेवणानंतरच्या वेळेपैकीं रात्रीं निजण्यापूर्वींची वेळ सर्वांत मोलाची ठरली आहे. बाकी नियम तसाच आहे. पहिला दांत दिसला त्या दिवसापासून दोन वेळां दांत घांसावे. राखुंडी, कोळशाची पूड किंवा खरखरीत मंजन लहानांच्या दांतांना लावूं नये. त्यानें कवच घांसलें जातें. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घ्यावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. मुलाला थुंकतां येऊं लागलें कीं फेंस थुंकावयास लावावें, पण नंतर पाण्यानें खूप खळखळून धुऊं नये, म्हणजे औषध दांतांवर थोडा वेळ टिकतें. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसानेंच फिरवावा. मूल स्वतः घांसूं पाहील तर त्याला कौतुकानें घांसूं द्यावें, आणि मग आपण पुन्हा एकदां हात फिरवावा. ज्याला अजून नीट गांठ मारतां येत नाहीं, त्याच्या हातून मागच्या दाढा स्वच्छ होत नसतात.

फ्लोराइडविषयीं कांहीं घरांतून भीति आहे, म्हणून त्याचा इतिहास थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील कोलोराडो स्प्रिंग्ज गांवीं मॅके नांवाच्या दंतवैद्यास १९०१ सालीं लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग आढळले. पण ते दांत सहसा किडत नसत. १९३१ सालीं ह्याचें कारण पाण्यांतील फ्लोराइड असल्याचें सिद्ध झालें. मग डाग पडूं नयेत इतक्या अल्प प्रमाणांत तें ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यांत १९४५ सालच्या जानेवारींत घालण्यास आरंभ झाला, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दांतांतील कीड ६० टक्क्यांहून अधिक कमी झाली. तात्पर्य, अल्प तें औषध आणि अति तें विष. आपल्या चंद्रपूर, यवतमाळ ह्या जिल्ह्यांतील कांहीं गांवीं विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड मुळांतच फार असतें, आणि तेथें डागळलेले दांत व हाडांचीं दुखणीं आढळतात. अशा गांवच्या वाचकांनीं आधीं पाणी तपासून घ्यावें आणि पेस्टविषयीं दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. इतरांनीं दाण्याएवढ्या पेस्टची भीति बाळगूं नये. फक्त ट्यूब मुलाच्या हातीं पडूं देऊं नये.

शेवटीं पाहणी. महिन्यांतून एकदां मुलाला मांडीवर आडवें घेऊन, उजेडांत, त्याचा वरचा ओठ हळूच उचलावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी समजावी. ह्या पायरीवर खळगा पडलेला नसतो. आहार, ब्रश आणि दंतवैद्यानें लावलेला फ्लोराइडचा लेप ह्यांनीं झीज थांबूं शकते. रेघ तपकिरी झाली म्हणजे काम पुढें गेलें. तरीहि खुर्ची म्हणजे लगेच दांत काढणें नव्हे. लहान मुलांची कीड सुईशिवाय आणि यंत्राशिवाय थोपविणारें चांदीयुक्त फ्लोराइडचें औषध आतां उपलब्ध आहे. २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याचा समावेश आवश्यक औषधांच्या यादींत केला. त्यानें किडलेला भाग काळा पडतो, हा त्याचा एक दोष; पण ठणक्यापेक्षां काळा डाग बरा. पहिल्या वाढदिवसाच्या आंतच मुलाला एकदां दंतवैद्यास दाखवावें. दुखत नसतांना पाहिलेल्या खुर्चीची मुलाला भीति बसत नाहीं. भीति बसते ती ठणका लागल्यावर मध्यरात्रीं शोधलेल्या खुर्चीची. सासूबाईंना नातवानें भिऊं नये असें वाटतें ना? मग त्यांनींच त्याचें बोट धरून त्याला आधीं न्यावें.

एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें. म्हणून आपण किल्ल्या, दुभतें, देवपूजा अशीं कामें एकेका माणसाकडे सोंपवितों. मुलाच्या गोडाचा हिशेब आणि रात्रींचा ब्रश हींहि घरांतील एका वडीलधाऱ्या माणसाकडे सोंपवावीं. शक्य तर आजीकडेच. कारण तिनें ‘आतां नको, पानांत देईन’ असें म्हटलें म्हणजे काका गोळी खिशांतच ठेवतील, आत्याबाई डबा झांकतील, आणि सुनेला सासूच्या मायेविरुद्ध बोलण्याचा प्रसंग येणार नाहीं.